दोन कुंपणांमधला पल्हव

श्रीनाथ पिसाळचा बाप वाईकडच्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. बैल त्याचा नसायचा, पैसा त्याचा नसायचा, तरी त्याच्यावाचून कुणाच्या बैलाचं दावं सुटायचं नाही. सौदा तोंडानं होत नसे. बाप विकणाऱ्याच्या हातावर उपरणं टाकायचा, आतल्या आत बोटं दाबून त्याच्या मनातला आकडा काढून घ्यायचा, मग तेच उपरणं घेणाऱ्याच्या हातावर. दोघं गडी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभे, पण एकाच्या उपरण्याखाली काय शिजलं ते दुसऱ्याला कळायचं नाही. कळलं असतं तर दलालाला कोणी चहा तरी पाजला असता काय?

त्या बापाचा हा लेक शिकला, पुण्यात आयटीत चिकटला, स्किल्ड व्हिसावर मेलबर्नला आला आणि तिथल्या ट्रुगानिना उपनगरात त्यानं घर बांधलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरातल्या चुका हुडकायच्या, हे त्याचं काम. तेही घरी बसून. मीटिंगमध्ये गडी म्यूटवर असायचा, आणि आवाज चालू केला तरी कुणाच्या ध्यानात यायचं नाही. मराठी मंडळात गेला की तिथली पुण्याची मंडळी त्याच्या 'न्हाई'वर खूश व्हायची. "अय्या, किती गोड बोलतोस रे तू श्रीनाथ! एकदम गावरान!" असं चिन्मयी नावाची बाई दर गणपतीला म्हणायची, जसं काही समोर माणूस नसून अंडं उभं होतं.

घरात बायको निहारिका, कोथरूडची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिच्या शिफ्टा. लेक उर्वी इयर सेव्हनला. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि इंग्रजीत विचारलं की उत्तरच द्यायची नाही. म्हणजे ऑफिसात पत नाही, मंडळात पत नाही आणि घरात तर विचारूच नका.

पण त्याच्या घराच्या दोन अंगांना दोन कुंपणं होती आणि त्या दोन कुंपणांमधी श्रीनाथ पिसाळ सरकार होता.

डावीकडच्या घरात गाओ नावाचा चिनी म्हातारा राहायचा. शानतुंगकडचा, कारखान्यातनं रिटायर झालेला, आता लेकाकडं येऊन राहिलेला. उजवीकडं साल. पुरतं नाव साल्वातोरे, इटलीतल्या कॅलाब्रियाचा, बायको गेल्यावर जुनं घर विकून पोरीकडं आलेला. दोघांचीही घरामागची परडी हातरुमालाएवढी, पण दोघांनी त्यात माळवं असं काढलेलं की बघत राहावं. (माळवं म्हणजे भाजीपाला. पुण्यात त्याला भाज्या म्हणतात आणि त्या तशाच लागतात.) गाओ मोहरीचा पाला पिकवून कॉफीच्या जुन्या बरण्यांत त्याचं आंबट लोणचं घालायचा आणि झाकणाला लाल फडकं बांधायचा. साल उन्हाळा सरता सरता टोमॅटो आटवून बिअरच्या लांब मानेच्या जुन्या बाटल्यांत भरायचा. मधी श्रीनाथचं दोन मजली घर आडवं आलेलं, त्यामुळं गाओला साल दिसायचा नाही आणि सालला गाओ. रस्त्यावर लांबनं कधी हात केला असेल तेवढाच.

आणि श्रीनाथच्या परड्यात काय होतं? कुंडीतला एक कढीपत्ता. तोही हिवाळ्यात मेल्याचं सोंग करायचा.

सुरुवात झाली ती एका वाडग्यावरनं. गाओनं एकदा कुंपणावरनं वाडगाभर डम्पलिंग दिली. श्रीनाथनं ती उभ्या उभ्या संपवली आणि मग बसला डोक्याला हात लावून. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं त्याच्या आईनं त्याच्या टकुऱ्यात पक्कं ठोकलेलं. फ्रीज उघडला तर निहारिकाचं लो-फॅट दही. असलं देऊन उगंच दोन देशांत वाकडं कशाला? ओट्यावर सालनं आदल्या दिवशी दिलेली लाल बाटली उभी होती. गड्यानं धुतलेल्या वाडग्यात बाटली आडवी ठेवली आणि कुंपणापलीकडं दिली.

दुसऱ्या दिवशी गाओ दोन्ही अंगठे वर करून उभा. "गुड! व्हेरी गुड! यू मेक?"

आता बघा, श्रीनाथला सांगता आलं असतं की बाबा, हे माझं नव्हे, पलीकडं एक इटलीचा म्हातारा आहे, त्याचं आहे. पण तेवढी इंग्रजी गाओकडं नव्हती, आणि गाओला कळेल अशी इंग्रजी श्रीनाथकडं नव्हती. तो म्हणाला, "येस, येस."

गाओनं कुंपणावरनं त्याच्या परड्यात डोकावून बघितलं. कढीपत्ता बघितला. परत श्रीनाथकडं बघितलं.

"फार्म," श्रीनाथ म्हणाला आणि त्यानं पश्चिमेकडं लांबवर हात केला. तसं ते खोटंही नव्हतं. वाईच्या खाली तीस गुंठे होते की! पण गाओला वाटलं, हायवेच्या पलीकडं कुठंतरी ह्या माणसाची बक्कळ शेती आहे. त्यानं खूश होऊन लोणच्याची बरणी दिली. ती बरणी सालकडं गेली, साल म्हणाला, "मामा मिया, तू केलंस?" आणि श्रीनाथचा हात पुन्हा पश्चिमेकडं गेला.

असं दोन वर्षं चाललं. लोणचं उजवीकडं, टोमॅटो डावीकडं, मधी दोन्हीतला वाटा श्रीनाथच्या ताटात. नंतर लसणाची पात निघाली, लिंबं निघाली, वाळवलेले मुळे आणि खारवलेले ऑलिव्ह निघाले. दोघं म्हातारे त्याला शेतीतलं विचारायचे. साल विचारायचा, पाल्याला माती कसली लागते? श्रीनाथ म्हणायचा, थांब, उद्या सांगतो. मग गाओला खाणाखुणा करून विचारायचा, तुम्ही आपलं कसली घालता हो, जरा माझ्याशी ताडून बघतो. एकाची अक्कल दुसऱ्याला, दुसऱ्याची पहिल्याला. दोघांच्या मते सगळ्या ट्रुगानिनात असा जाणता शेतकरी नव्हता. सकाळी कॉफीचा मग घेऊन श्रीनाथ परड्यात आला की दोन्ही कुंपणांवरनं "मॉर्निंग, बॉस!" असा पुकारा व्हायचा. तेवढ्या हाकेवर गड्याचा दिवस निघायचा. ती हाक गेली असती तर त्याच्याजवळ म्यूटचं बटण आणि कढीपत्ता, एवढंच उरत होतं.

निहारिकाला हे सगळं ठाऊक होतं. "श्री, तू दोन म्हाताऱ्यांना टोप्या घालतोयस."

"टोप्या कसल्या? दोघांस्नी नवीन खायला मिळतंय, दोघं खूश हायत. वंगाळ काय झालं?"

"मग सांग ना त्यांना, कोणाचं काय आहे ते."

"सांगतो की. वाईच थांब."

दलालाचं 'वाईच थांब' म्हणजे काय, ते कोथरूडला कळायला लई वर्षं लागतात.

मग उर्वीच्या शाळेनं घोटाळा केला. प्रोजेक्ट दिलं: जुन्या काळात रोम आणि चीन एकमेकांना भेटले होते का? उर्वीनं डायनिंग टेबलावर नकाशा पसरला. एका टोकाला रोम, एका टोकाला चीन, आणि मधी हा एवढा थोरला पिवळा ठिपका.

"हे मधलं कोण?" श्रीनाथनं विचारलं.

"पार्थियन्स. म्हणजे, लाइक, इराणच्या बाजूचे."

"हां हां, पल्हव!" श्रीनाथला शाळेतलं पुस्तक आठवलं. "आपल्या सातवाहनांनी ज्यांस्नी हाणलं त्यातले. शक, यवन, पल्हव. नाशकाच्या लेण्यात कोरलंय बघ."

"व्हॉटेव्हर. ऐक ना बाबा, धिस इज सो फनी."

आणि उर्वीनं सांगितलं ते असं. चीनचं रेशीम रोमला जायचं, पण थेट नाही. मधी पल्हव. रोमच्या लोकांना वाटायचं, रेशीम झाडाच्या पानांवरनं विंचरून काढतात. पल्हवांनी त्यांना कधी म्हटलं नाही की बाबांनो, तसं नसतं. मग चीनवाल्यांनी गान यिंग नावाचा एक माणूस पाठवला, जा, ते रोम काय आहे ते बघून ये. गडी डोंगर-वाळवंट तुडवत समुद्राच्या काठापर्यंत पोचला. तिथं पल्हवांचे नावाडी भेटले. ते म्हणाले, जा की, आम्ही कुठं नको म्हणतोय? वारा चांगला मिळाला तर तीन महिने. नाही मिळाला तर दोन वर्षं लागतील. तीन वर्षांची शिदोरी घे. आणि एक सांगायचं राहिलं, त्या समुद्रात घरची अशी आठवण येते की माणसं त्यानंच मरतात. गान यिंगनं समुद्राकडं बघितलं, आणि आल्या वाटेनं माघारी गेला.

"अन् रोम?" श्रीनाथ पुढं सरकला.

"दिसलंच नाही."

श्रीनाथनं मांडीवर थाप मारली. "भले! ह्याला म्हणत्यात दलाल! न्हाई म्हटलं न्हाई, अडवलं न्हाई, खोटंबी पुरतं बोललं न्हाई. नुसता वारा दाखवला!"

निहारिका भांडी लावत होती. ती वळली. "आपल्या राजानं त्यांना बडवलं होतं, आणि तू त्यांची बाजू घेतोयस?"

"राजाचं राजापाशी. बाजाराचं येगळं असतं."

उर्वी बापाकडं टक लावून बघत होती. मग नकाशाकडं. मग डाव्या खिडकीतनं गाओच्या कुंपणाकडं आणि उजव्या खिडकीतनं सालच्या. तिचे डोळे मोठे झाले.

"ओ माय गॉड. बाबा. यू आर लिटरली पार्थिया."

आणि पोरीनं प्रोजेक्टचा विषयच बदलला. आता ती चीनला रोमकडं धाडणार होती, घराच्या मागनं ओढ्याकाठची जी पायवाट जाते त्या वाटेनं, आणि काय होतं ते फोनवर शूट करणार होती. दुसऱ्याच दिवशी तिनं गाओला सांगितलं की पलीकडं एक साल आजोबा राहतात, त्यांची बाग तुमच्यासारखीच आहे, शनिवारी जाऊया. गाओनं त्या कामासाठी नवे पांढरे बूट काढले.

श्रीनाथनं मनाशी हिशोब मांडला. हे दोघं भेटले, एकानं दुसऱ्याचं परडं बघितलं, की पश्चिमेकडची शेती गेली, बॉस गेला, सगळंच गेलं. पोरीला नको म्हणता येईना, शाळेचं काम. शुक्रवारी तो सहज गेल्यासारखा डाव्या कुंपणाशी गेला.

"उद्या सालकडं जाणार म्हणे," तो म्हणाला. "छान, छान. माणूस चांगला आहे. फक्त..."

"फक्त?"

"भेटल्यावर मुका घेतो."

गाओच्या हातातली झारी थांबली.

"दोन्ही गालांवर," श्रीनाथ म्हणाला आणि स्वतःच्या गालांवर बोट ठेवून दाखवलं. "भेटताना. आणि निघताना परत. दाढी रोज करत नाही."

गाओचा हात हळूच स्वतःच्या गालावर गेला. तो बराच वेळ उजवीकडं बघत राहिला, जसं काही श्रीनाथच्या घराच्या जागी समुद्रच होता. शनिवारी सकाळी उर्वी बोलवायला गेली तर गाओची सून म्हणाली, त्यांची कंबर धरलीय. पांढरे बूट परत खोक्यात गेले होते.

"ही टर्न्ड बॅक!" उर्वी किंचाळत घरात आली. "एक्झॅक्टली लाइक गान यिंग! बाबा, तू काय सांगितलंस त्यांना?"

"म्या काय सांगितलं? वारा दाखवला."

पण पोरगी दलालाचीच नात. ती उजव्या कुंपणाकडं वळली. त्याच दुपारी साल श्रीनाथला म्हणाला, "बॉस, पलीकडं एक चिनी माणूस आहे, बाग चांगली करतो असं तुझी मुलगी म्हणते. उद्या जाऊन येतो."

"जा ना," श्रीनाथ म्हणाला. "जरूर जा. फक्त त्यांच्याकडं गेलं की गरम पाणी देतात."

"काय घालून?"

"काहीच नाही. नुसतं पाणी. गरम."

साल जवळ आला. "आणि कॉफी?"

"नाही."

"जेवणानंतर?"

"तेव्हाही पाणीच."

सालनं छातीवर क्रॉसची खूण केली. श्रीनाथ समाधानानं घरात गेला. रविवारी उशिरा उठला, कॉफीचा मग हातात घेतला आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतनं सहज मागं बघितलं.

ओढ्याकाठच्या पायवाटेनं साल चालला होता. दुखऱ्या गुडघ्यानं, लंगडत, अंगात चर्चला जायचा कोट. एका काखेत थर्मास. गडी कॉफी बरोबर घेऊन निघाला होता! रोमन माणूस समुद्राला भीत नसतो, हे श्रीनाथनं आधी ध्यानात घ्यायला पाहिजे होतं. आणि सालच्या दुसऱ्या हातात भेटवस्तू होती. झाकणाला लाल फडकं बांधलेली बरणी. बागेतल्या माणसाकडं जायचं तर चांगली वस्तू न्यावी, आणि सालच्या घरात सगळ्यांत चांगली वस्तू म्हणजे बॉसच्या शेतावरचं लोणचं!

श्रीनाथ जिन्यावरनं दोन दोन पायऱ्या उतरला. पायात सपाता, अंगात चड्डी-बनियन, बाहेर हिवाळ्याच्या तोंडचा गार वारा. उर्वी आधीच फोन धरून पायवाटेवर उभी होती.

"बाबा, फ्रेममधनं बाजूला हो ना!"

तोवर व्हायचं ते झालं होतं. गाओ कंबर विसरून वाटेकडंला हात-पाय ताणत होता. सालनं त्याला बघितलं, थर्मास खाली ठेवला, दोन्ही हात पसरले आणि म्हाताऱ्याला मिठीत घेऊन दोन्ही गालांवर मुके घेतले. गाओ गाडलेल्या खांबासारखा उभा. डोळे मिटलेले. माणूस सुई टोचून घेताना उभा राहतो ना, तसा. मग सालनं वाकून ती बरणी त्याच्या हातात दिली.

गाओनं डोळे उघडले. लाल फडकं बघितलं. त्यावरची स्वतःच्या हातची गाठ बघितली. झाकण फिरवून वास घेतला. वर बघितलं, आणि सालला "थांब" अशी खूण करून घरात गेला. पाहुणा भेट घेऊन आला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवणार? बाहेर आला तर दुसऱ्या हातात बिअरची लांब मानेची बाटली, आत लाल रस. बॉसच्या शेतावरची.

आता सालनं ती बाटली हातात घेऊन बघितली.

पायवाटेवर दोन म्हातारे उभे. एकाच्या हातात स्वतःचंच लोणचं, दुसऱ्याच्या हातात स्वतःचाच टोमॅटो. दोघांचे चेहरे हळूहळू काळवंडायला लागले. गाओला वाटलं, बॉसनं ह्याला माझं लोणचं चाखायला दिलं, ते ह्या माणसाला आवडलं नाही, तोंडावर परत आणून दिलं. सालला वाटलं, बॉसनं दिलेला माझा टोमॅटो ह्यानं उघडलासुद्धा नाही. दोघांनी मान वळवली आणि मधी चड्डी-बनियनवर कुडकुडणाऱ्या श्रीनाथकडं बघितलं. तोच एक दोघांच्या ओळखीचा.

उर्वी फोनमागनं कुजबुजली, "बाबा, धिस हॅपन्ड! रोमचे लोक मग समुद्रानं थेट चीनला गेले होते, आणि गिफ्ट म्हणून वाटेतलंच काहीतरी घेऊन गेले. हस्तिदंत, गेंड्याचं शिंग असलं. चीनवाल्यांना डाउट आला, ह्यात रोमचं काय आहे?"

"गप गं," श्रीनाथ म्हणाला.

त्या घटकेला त्याच्या हातात सगळं होतं. गप्प बसला असता तर दोघं रागानं आपापल्या घरी गेले असते, परत कधी तोंड बघितलं नसतं, आणि बॉस मधल्या मधी जन्मभर बॉस राहिला असता. त्यानं दोघांचे चेहरे बघितले. सालचा खालचा ओठ थरथरत होता. श्रीनाथला ते बघवलं नाही, आणि खरं बोलायचं धाडसही झालं नाही. मग दलालाच्या लेकाला जे येतं तेच त्यानं केलं. सालच्या कानाशी जाऊन म्हणाला, "चीनमध्ये फार मोठ्या माणसालाच त्याची स्वतःची वस्तू परत देतात. मान असतो तो." मग गाओच्या कानाशी जाऊन इटलीबद्दल तेच सांगितलं.

दोघं क्षणभर घोटाळले. मग साल कमरेत वाकला. गाओ त्याहून खाली वाकला. श्रीनाथनं सुटकेचा श्वास सोडला.

पण गाओनं कारखान्यात पस्तीस वर्षं माल तपासला होता. वाकून सरळ होता होता त्याच्या डोक्यात काहीतरी खटकलं. स्वतःची वस्तू? बरणी माझी, मग हा का वाकला? त्यानं बाटलीवर बोट ठेवलं, मग सालवर. "यू?"

"मी!" सालनं छाती ठोकली. "मी, माझी पोरगी, माझी जुनी कढई!"

गाओनं बरणीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. "मी."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोन्ही बोटं एकदम श्रीनाथकडं वळली.

"यू?"

श्रीनाथचा हात आपसूक वर गेला, पश्चिमेकडं. "फार्म," तो म्हणाला. पण आवाज निघालाच नाही. म्यूटवर असल्यासारखा.

"उद्या," गाओ म्हणाला, "तू मेक. तू आण."

"तुझ्या हातचं," साल म्हणाला. "बॉस."

तो 'बॉस' असा उच्चारला होता की त्यापेक्षा शिवी परवडली.

निहारिका हे ऐकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "कर, कर! लग्नाला सोळा वर्षं झाली, मलाही बघायचंय तुझ्या हातचं काय असतं ते."

"मला खर्डा येतो," श्रीनाथ घुश्शात म्हणाला. "आमच्याकडं पोरगं चालायला लागायच्या आधी खर्डा करतंय."

संध्याकाळी इंडियन दुकानातनं हिरव्या मिरच्या आल्या, त्यातल्या त्यात किरकोळ, काळसर, वाकड्या बघून घेतलेल्या. श्रीनाथनं तवा तापवला, तेलाचा हात मारला, मिरच्या टाकल्या, लसूण टाकला. धूर उठला तसा छतातला अलार्म कोकलायला लागला. उर्वी टॉवेल फडकवत अलार्मखाली उड्या मारतेय, निहारिका खोकत खोकत खिडक्या उघडतेय, आणि श्रीनाथ डोळ्यांतनं पाणी गाळत, जाड मीठ आणि शेंगदाणे घालून, स्टीलच्या डब्याच्या बुडानं तव्यावरच खर्डा रगडतोय. बऱ्याच वर्षांत गड्यानं एवढं मन लावून काही केलं नव्हतं. चुका हुडकायला समोर दुसऱ्याचं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पायवाटेवर पंचायत बसली. गाओनं वाफवलेले पांढरे पाव आणले होते, सालनं त्याचा ब्रेड. श्रीनाथनं काचेची वाटी मधी ठेवली.

"जरा जपून," तो म्हणाला. "थोडं तिखट आहे."

साल हसला. "तिखट? बॉस, मी कॅलाब्रियाचा. मिरची आमच्या रक्तात आहे." आणि त्यानं चमचाभर खर्डा ब्रेडवर थापून तोंडात टाकला. तो मागं हटला नाही म्हटल्यावर गाओ कसा हटेल? त्यानंही टाकला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग सालच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. गाओच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले. सालनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. गाओनं घाईघाईनं आपला थर्मास त्याच्या हातात कोंबला; सालनं घटाघटा दोन घोट घेतले, आणि आत गरम पाणी होतं हे त्याला फार उशिरा कळलं. जी किंकाळी निघाली तिनं ओढ्यातली बदकं उडाली. मग सालनं आपली कॉफी गाओला पाजली. तीही गरमच!

आणि मग दोघं बोलायला लागले. साल इटालियनमध्ये, गाओ चिनीमध्ये, एकाच वेळी, हातवारे करत, वाटीकडं बोटं दाखवत, श्रीनाथकडं बोटं दाखवत. डोळ्यांतनं धारा. एकाला दुसऱ्याची भाषा औषधालाही येत नव्हती, पण काय बोलतायत ते दोघांनाही बिनचूक कळत होतं. ते श्रीनाथलाही कळत होतं. शेवटी गाओनं श्रीनाथच्या नकला केल्या, पश्चिमेकडं हात करून म्हणाला, "फार्म!" आणि साल हसता हसता त्याच्या खांद्यावर पडला. दोघं म्हातारे एकमेकांना धरून, नाक शिंकरत, सालच्या परड्याकडं निघून गेले. दुभाष्याची कुणालाच गरज पडली नाही.

त्या दिवसापासून माल थेट चालू झाला. रोज सकाळी पायवाटेवर देवघेव, मुके, गरम पाणी, कॉफी. कुंपणावरनं हाक येईना. श्रीनाथ कॉफीचा मग घेऊन परड्यात उभा राहायचा आणि कढीपत्त्याकडं बघायचा.

उर्वीच्या प्रोजेक्टला पैकीच्या पैकी मिळाले. "बाय द वे," ती म्हणाली, "पार्थियन्सचं राज्यही शेवटी गेलं."

"कुणी घेतलं? रोमनं का चीननं?"

"नाही. त्यांच्याच खालचा एक राजा होता पर्शियात, त्यानं."

"असंच असतं," श्रीनाथ म्हणाला आणि मीटिंगला जाऊन बसला.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी तो कचऱ्याचा बिन बाहेर काढत होता तर सालनं आपल्या गॅरेजमधनं "प्स्स्त" केलं. आजूबाजूला बघून घेतलं. म्हणाला, "ते हिरवं. अजून आहे का?"

"तुला तर आवडलं नव्हतं."

"कोण म्हणतं? पास्त्यावर घातलं. रात्री मला बायको स्वप्नात दिसली, चांगली शिव्या देत होती. दोन वाट्या दे. पण एक ऐक." त्यानं श्रीनाथचा दंड धरला. "गाओला सांगू नको. त्याला कळलं तर म्हणेल, कॅलाब्रियाचा माणूस हरला."

"छे, छे," श्रीनाथ म्हणाला.

बिन घेऊन वळला तर डाव्या कुंपणावर टक्कल उगवलेलं. गाओनं ओठांवर बोट ठेवलं आणि नुसतं पुटपुटला, "चिली. मोअर. साल, नो टेल."

श्रीनाथनं त्यालाही मान डोलावली. घरात आला, बाह्या सरसावल्या, तवा गॅसवर ठेवला.

"आता काय?" निहारिका जिन्यावरनं ओरडली.

"खिडक्या उघड," श्रीनाथ म्हणाला. "दोन गिऱ्हाइकं हायत. अन् ह्या बारीला माल माझा हाय."